मसावि व लसावि : रीतीआधी प्रसंग



काही काळापूर्वी एका शाळेस भेट देण्याचा योग आला. सहावीच्या वर्गात मसावि-लसाविचा पाठ चालू होता. मी फळ्यावर १२ व १८ या संख्या लिहिल्या आणि त्यांचा लसावि काढावयास सांगितला. बहुतेक मुलांनी मांडणी करून ३६ हे उत्तर बिनचूक आणले. मसाविही ६ असा बरोबर आला. मन प्रसन्न झाले. मग त्याच संख्या घेऊन मी तोंडी विचारले, "शाळेत १२ वह्या व १८ पेन्सिली आल्या आहेत. एकही वस्तू न उरता त्या सर्वांना सारख्या वाटावयाच्या आहेत. जास्तीत जास्त किती मुलांना देता येतील?" वर्ग गप्प झाला. थोड्या वेळाने मागच्या रांगेतील एका मुलाने विचारले, "गुरुजी, मसावि काढायचा की लसावि?"

त्या मुलास दोन्ही रीती येत होत्या. कोणती रीत कशासाठी, हे मात्र त्यास ठाऊक नव्हते. हा दोष त्या मुलाचा नव्हे व त्या एका शाळेचाही नव्हे. आपल्यापैकी बहुतेकजण हा घटक रीतीपासून शिकविण्यास आरंभ करतात आणि शाब्दिक उदाहरणे शेवटी, वेळ उरल्यास, घेतात. हा क्रम उलटा करावा, आधी प्रसंग द्यावा, मग नाव द्यावे आणि सर्वांत शेवटी रीत द्यावी, असे या लेखात सुचवावयाचे आहे.

१. नावांमुळे होणारा घोटाळा

'महत्तम' म्हणजे सर्वांत मोठा आणि 'लघुतम' म्हणजे सर्वांत लहान, हे मूल चटकन शिकते. त्यामुळे मसाविचे उत्तर मोठे व लसाविचे उत्तर लहान यावे, अशी त्याची समजूत होते. प्रत्यक्षात उलट घडते. १२ व १८ यांचा मसावि ६, तर लसावि ३६. मूल गोंधळते आणि मग दोन नावांची अदलाबदल वर्षभर चालू राहते.

यावर सोपा उपाय आहे. ही नावे शेवटच्या शब्दाकडून उलगडावीत. 'महत्तम साधारण विभाजक' यात मुख्य शब्द 'विभाजक' हा आहे. प्रथम विभाजक काढावयाचे, त्यांतून दोन्ही संख्यांना साधारण, म्हणजे सामाईक असणारे निवडावयाचे आणि त्यांतील महत्तम घ्यावयाचा. विभाजक हा संख्येपेक्षा मोठा नसतोच. म्हणून मसावि दिलेल्या लहान संख्येपेक्षा मोठा होऊ शकत नाही. त्याचप्रमाणे 'लघुतम साधारण विभाज्य' यात मुख्य शब्द 'विभाज्य'. विभाज्य म्हणजे त्या संख्येच्या पाढ्यात येणारी संख्या; म्हणून लसावि दिलेल्या मोठ्या संख्येपेक्षा लहान होऊ शकत नाही.

येथे मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावा : "लघुतम साधारण विभाजक आणि महत्तम साधारण विभाज्य असे कोणी का काढीत नाही?" थोडा वेळ द्यावा, मुले उत्तर देतात. सर्वांत लहान साधारण विभाजक प्रत्येक वेळी १ च येणार, तो काढून उपयोग काय? आणि पाढा तर कधी संपत नाही, तेव्हा सर्वांत मोठा साधारण विभाज्य सापडणारच नाही. हे एकदा मुलांच्या तोंडून आले की 'महत्तम' व 'लघुतम' हे शब्द पाठ करावे लागत नाहीत.

२. पूर्वतयारी : चिंचोक्यांचे आयत

साहित्यासाठी खर्च करावयास नको. चिंचोके, खडे अथवा काड्या पुरेशा आहेत. प्रत्येक गटास १२ चिंचोके द्यावेत आणि ओळीत सारखे मांडून किती प्रकारचे आयत होतात ते शोधावयास सांगावे. १ ओळीत १२, २ ओळींत ६-६, ३ ओळींत ४-४. याहून निराळा आयत होत नाही. म्हणजे १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६, १२. मग १८ चिंचोके द्यावेत. त्यांचे विभाजक १, २, ३, ६, ९, १८. त्यानंतर १३ चिंचोके द्यावेत. मुले खटपट करतात व शेवटी म्हणतात, "एका ओळीशिवाय जमत नाही." मूळ संख्येची ओळख करून देण्यास याहून चांगली वेळ नाही.

३. मसाविचा पाठ : दोन दोर

वर्गाच्या ओसरीवर सुतळीचे दोन तुकडे घ्यावेत. एकाच काडीने मोजून एक १२ काड्या व दुसरा १८ काड्या लांबीचा असावा. प्रश्न असा : "दोन्ही सुतळ्यांचे सारख्या लांबीचे तुकडे पाडावयाचे आहेत. जराही सुतळी वाया जाता कामा नये. तुकडा किती लांब घ्यावा?"

मुलांना कापू देऊ नये. घडी घालून अथवा खडूने खुणा करून पाहू द्यावे. कोणी ५ म्हणेल, तर पहिल्याच सुतळीत २ उरतील. कोणी ४ म्हणेल. १२ ची सुतळी बरोबर संपेल, पण १८ मध्ये २ उरतील. कोणी ३ म्हणेल व ते जमेल. आता विचारावे, "याहून मोठा तुकडा चालेल काय?" अखेर ६ सापडेल. आता फळ्यावर दोन्ही संख्यांचे विभाजक लिहून सामाईक विभाजकांभोवती, म्हणजे १, २, ३, ६ यांभोवती, गोल काढावेत. मुलांनी जमवून पाहिलेल्या लांब्या त्याच आहेत. येथे प्रथमच 'महत्तम साधारण विभाजक' हे नाव उच्चारावे.

४. लसाविचा पाठ : दोन टाळ्या

दोन मुले पुढे बोलवावीत. वर्ग मोठ्याने १, २, ३ असे मोजील. पहिल्या मुलाने दर चौथ्या अंकास आणि दुसऱ्याने दर सहाव्या अंकास टाळी वाजवावी. १२ येताच दोन्ही टाळ्या एकदम पडतात व वर्ग हसतो. मोजणी चालू ठेवावी. पुन्हा २४ ला, पुन्हा ३६ ला. आता थांबवून विचारावे, "यापुढे केव्हा?" ४८ हे उत्तर मुले न मोजता देतात. साधारण विभाज्य हे लसाविच्या पाढ्यात येतात, हा नियम त्यांना सांगण्यापूर्वीच सापडलेला असतो.

याच वेळी एका नेहमीच्या चुकीचा बंदोबस्त करून टाकावा. अनेक मुले लसावि म्हणजे दोन संख्यांचा गुणाकार असे समजतात. ४ × ६ = २४. टाळ्या २४ ला एकत्र पडल्या हे खरे, पण त्यापूर्वी १२ ला पडून गेल्या होत्या. मग ३ व ५ या संख्यांच्या टाळ्या घ्याव्यात. तेथे १५ पूर्वी भेट होत नाही. असे का? ४ व ६ यांच्यात २ हा सामाईक विभाजक आहे. ३ व ५ यांच्यात १ वाचून सामाईक काही नाही. अशा संख्यांना सहमूळ संख्या म्हणतात, आणि त्यांच्या बाबतीतच गुणाकार हा लसावि असतो.

व्यवहारातील उदाहरणे आपल्या गावातूनच घ्यावीत. आठवड्याचा बाजार दर ७ दिवसांनी भरतो. नळाला पाणी दर ४ दिवसांनी येते. आज बाजार आहे व पाणीही आले आहे, तर पुन्हा असा दिवस केव्हा येईल? २८ दिवसांनी. मुले हे उत्तर घरी जाऊन सांगतात, आणि घरचे लोक दिनदर्शिका काढून पडताळा पाहतात.

निसर्गातील एक गोष्टही सांगण्याजोगी आहे. उत्तर अमेरिकेत सिकाडा नावाचा कीटक आढळतो. त्याच्या काही जातींची पिले बरीच वर्षे जमिनीखाली राहून एकाच वेळी बाहेर पडतात. काही समूह दर १३ वर्षांनी, काही दर १७ वर्षांनी. १३ वर्षांचा एक विशिष्ट समूह व १७ वर्षांचा एक विशिष्ट समूह २०२४ साली एकाच वेळी बाहेर पडले. त्या दोन समूहांची यापूर्वीची भेट केव्हा झाली असेल, ते मुलांना काढावयास सांगावे. १३ व १७ सहमूळ, लसावि २२१. २०२४ मधून २२१ वजा केले की १८०३. तेच वर्ष खरे आहे. हीच आवर्तने १२ व १८ वर्षांची असती तर भेट दर ३६ वर्षांनी झाली असती.

५. आता रीत : मूळ अवयव

प्रसंग समजल्यावर रीत शिकविण्यास फार वेळ लागत नाही. १२ = २ × २ × ३ आणि १८ = २ × ३ × ३. अंगणात एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळे काढावीत. दोघांत सामाईक असलेले २ व ३ मधल्या भागात लिहावेत. १२ चा उरलेला २ डावीकडे, १८ चा उरलेला ३ उजवीकडे. मधल्या भागाचा गुणाकार ६, हा मसावि. सर्व भागांचा गुणाकार २ × २ × ३ × ३ = ३६, हा लसावि.

या आकृतीतून आणखी एक नियम दिसतो. १२ × १८ = २१६ आणि ६ × ३६ = २१६. दोन संख्यांचा गुणाकार केला की मधला भाग दोनदा मोजला जातो. लसाविमध्ये तो एकदाच येतो. म्हणून राहिलेला एक मधला भाग, म्हणजे मसावि, लसाविने गुणावा लागतो. मात्र हा नियम दोन संख्यांपुरताच आहे, हे सांगण्यास विसरू नये. ४, ६ व १० यांचा मसावि २ व लसावि ६० आहे. त्यांचा गुणाकार १२० येतो, परंतु ४ × ६ × १० = २४०.

६. भागाकाराची रीत

संख्या मोठ्या असल्या की अवयव सापडणे कठीण जाते. १४३ व १८७ घ्या. येथे भागाकाराची रीत उपयोगी पडते. पण ती का चालते हे सहसा सांगितले जात नाही. पुन्हा सुतळ्यांकडे वळावे. १८७ च्या सुतळीवर १४३ ची सुतळी ठेवली तर ४४ उरतात. जो तुकडा दोन्ही सुतळ्या पुरेपूर मोजतो, त्याने ही उरलेली ४४ ची सुतळीही पुरेपूर मोजलीच पाहिजे. म्हणून आता १४३ व ४४ यांचाच प्रश्न उरला. १४३ मधून ४४ तीनदा गेले, बाकी ११. आता ४४ व ११ यांचा प्रश्न. ११ चारदा जाऊन बाकी शून्य. शेवटचा भाजक ११, तोच मसावि.

ही रीत फार प्राचीन आहे. ग्रीक गणिती युक्लिड याने इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास आपल्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या सातव्या खंडात ती दिली आहे. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त, कुट्टक प्रकरणी, दोन संख्या परस्परांनी भागीत जाऊन त्यांचा साधारण विभाजक काढण्याची हीच पद्धत सांगितली आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा १२०७ सालचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. आपल्या फळ्यावरील रीत अशा परंपरेतून आली आहे, हे मुलांना कळावे.

७. प्रसंग कसा ओळखावा

काही शिक्षक मुलांना खूणशब्द देतात : "'जास्तीत जास्त' आले की मसावि, 'कमीत कमी' आले की लसावि." हेतू चांगला असला तरी ही खूण फसवी आहे. पुढील दोन उदाहरणे पाहा.

(अ) एका कॅनमध्ये १२ लिटर गाईचे व दुसऱ्यात १८ लिटर म्हशीचे दूध आहे. दोन्ही दूध न मिसळता एकाच मापाच्या भांड्यांत काठोकाठ भरावयाचे आहे. कमीत कमी किती भांडी लागतील?

(आ) १८ सेंटिमीटर लांब व १२ सेंटिमीटर रुंद अशा फरश्या, सर्व एकाच दिशेने, जोडून चौरस करावयाचा आहे. कमीत कमी किती फरश्या लागतील?

दोन्हींत 'कमीत कमी' आहे. पहिल्यात भांडी कमी लागावीत म्हणून भांडे मोठ्यात मोठे घ्यावे लागते : मसावि ६ लिटर, भांडी २ + ३ = ५. दुसऱ्यात चौरसाची बाजू दोन्ही मापांच्या पाढ्यात यावी लागते : लसावि ३६ सेंटिमीटर, फरश्या २ × ३ = ६. खूणशब्दावर विसंबणारा मुलगा पहिल्या उदाहरणात हटकून चुकेल.

खूणशब्दांऐवजी दोन प्रश्नांची सवय लावावी. पहिला : "आपण दिलेल्या संख्यांचे सारखे भाग पाडीत आहोत, की त्या संख्या पुन्हापुन्हा घेऊन पुढे जात आहोत?" दुसरा : "आपण जे माप शोधतो आहोत, ते दिलेल्या संख्यांहून लहान यावे की मोठे?" या दोन प्रश्नांची उत्तरे तोंडी आल्याशिवाय पाटीवर आकडा मांडू देऊ नये.

८. वह्या तपासताना

येथे मला स्वतःची एक चूक सांगणे अवश्य वाटते. माझ्या नोकरीच्या आरंभीच्या काळात मी ८ व १२ यांचा लसावि काढावयास दिला होता. एका मुलीने पाटीवर ८, १६, २४ आणि खाली १२, २४ असे लिहून २४ भोवती गोल केला. मी शिकविलेली मांडणी तिने केली नव्हती, म्हणून मी त्यावर फुली मारली व "रीतीने कर" असे सुनावले. त्यानंतर वर्षभर ती मुलगी गणिताच्या तासाला आपण होऊन फळ्यापाशी आली नाही. लसावि म्हणजे काय, हे त्या वर्गात कदाचित तिला एकटीलाच कळले होते, आणि मी तेच चूक ठरविले. पुष्कळ वर्षांनी, इतरांचे पाठ पाहू लागल्यावर, माझ्या हे ध्यानी आले. तोवर ती मुलगी शाळा सोडून गेली होती.

म्हणून विनंती अशी की, उत्तर निराळ्या मार्गाने आले तर आधी मार्ग विचारावा. आणि उत्तर चुकले तर केवळ फुली न मारता मुलास स्वतः पडताळा घेण्यास शिकवावे. दोन संख्यांसाठी पडताळा असा :

मसावि : उत्तराने दोन्ही संख्यांस भागावे. भागाकारांत १ वाचून सामाईक विभाजक नसावा. एखाद्याने १२ व १८ यांचा मसावि ३ काढला, तर भागाकार ४ व ६ येतात. त्यांत २ अजून सामाईक आहे. ३ ला २ ने गुणले की खरे उत्तर ६.

लसावि : उत्तरास दोन्ही संख्यांनी भागावे. येथेही भागाकारांत १ वाचून सामाईक विभाजक नसावा. एखाद्याने लसावि ७२ काढला, तर भागाकार ६ व ४ येतात. त्यांत २ सामाईक आहे. ७२ ला २ ने भागले की खरे उत्तर ३६.

आपली चूक आपणच शोधता येते, हा अनुभव मुलास आला की गणिताचे भय कमी होते.

९. पुढील अभ्यासाशी संबंध

हा घटक कच्चा राहिला की अपूर्णांक कच्चे राहतात. ५/१२ व ७/१८ यांची बेरीज अनेक मुले १२/३० अशी करतात. या मुलांना विचारावे : १२/३० म्हणजे २/५, म्हणजेच २४/६०, आणि ५/१२ म्हणजे २५/६०. बेरीज मिळविलेल्या एका भागाहून लहान कशी झाली? मग सारख्या तुकड्यांची आठवण द्यावी. १२ व १८ यांचा लसावि ३६. १५/३६ व १४/३६ मिळून २९/३६. छेद समान करताना लसावि, अपूर्णांकास संक्षिप्त रूप देताना मसावि. ८४/१२६ या अपूर्णांकात मसावि ४२ ने भागले की एकदम २/३ मिळतात.

१०. तासिकांची विभागणी

साधारण सहा तासिका पुरतात : चिंचोके एक, सुतळ्या एक, टाळ्या एक, मूळ अवयव एक, भागाकाराची रीत एक आणि प्रसंग ओळखणे एक. द्विशिक्षकी शाळांत वर्ग जोडून बसतात. तेथे पाचवीची मुले चिंचोक्यांचे आयत मांडीत असताना सहावीच्या मुलांना त्याच संख्यांची शाब्दिक उदाहरणे स्वतः रचावयास द्यावीत. स्वतः उदाहरण रचणाऱ्या मुलास 'मसावि काढायचा की लसावि?' असे विचारावे लागत नाही.

हा क्रम आपल्या वर्गात करून पाहावा आणि मुलांनी रचलेली दोन-चार उदाहरणे केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस आणावीत. त्यांतील चांगली निवडून सर्व शाळांना पाठविता येतील. ज्या मुलांची उत्तरे चुकली, त्यांच्या वह्याही आणाव्यात. चूक कोठे होते हे त्यांवरूनच आपणा सर्वांस कळेल.